आवडाबाईचा नबाब आणि माझी सुई

आवडाबाई शीळ घालायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण छावणीत तिची ओळख याच गोष्टीवरून करून दिली जायची, आणि करून देणाऱ्याच्या तोंडावर एक चावट हसू असायचं. बाईमाणसानं शीळ घातली की घरातली लक्ष्मी जाते, असं आमच्याकडं म्हणतात. आवडाबाईच्या घरी ती कधी आलीच नव्हती, मग जाणार कुठून? शीळ असायची घोड्यासाठी. सकाळी घोड्याला खुंट्यावरून सोडून मऊ मातीवर उभं करायचं आणि पदर तोंडाशी धरून एक लांब, बारीक शीळ घालायची. घोडा मागचे पाय मागं टाकून पाठ ताणायचा आणि मोकळा व्हायचा. मग ती खाली वाकून बघायची, रंग कसा, वास कसा, रात्रीतून लीद किती पडली. ते झालं की चहा.

हे तिला बापानं शिकवलं होतं. बाप बद्रीनाथ छावणीच्या तबेल्यात मोतद्दार होता, म्हणजे घोड्यांना खरारा करायचा, दाणापाणी बघायचा. पोलिस ॲक्शन झाली, निजामाची फौज मोडली, घोडे लिलावात गेले. बद्रीनाथकडं उरला एक खरारा, दोन जुने लगाम आणि कुणीच बोली न लावलेली एक लंगडी घोडी. आवडाबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांची. इतर पोरी भातुकली खेळायच्या तेव्हा ही त्या घोडीच्या पोटाला कान लावून बसलेली असायची. "घोडा तोंडानं बोलत नाय बाई, मागून बोलतो," असं बाप म्हणायचा. मुलीला शिकवायला जगात याहून सभ्य वाक्यं पुष्कळ आहेत, पण पुढं तिला उपयोगी हेच पडलं.

लग्न फकिरा टांगेवाल्याशी झालं. माणूस बरा होता, फक्त त्याला गिऱ्हाइकापेक्षा गप्पा प्याऱ्या. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेला. तेरावं झाल्यावर दौलताबादहून धाकटा दीर सांडू आला. "वहिनी, घोडा इकून टाका अन् चला शेतावर. आमी खातो त्यातले दोन घास तुमी बी खा." ऐकायला किती गोड! पण त्या दोन घासांबरोबर जावेचे टोमणे, दिवस उगवल्यापासूनची खुरपणी आणि जन्मभराची खाली मान होती, हे आवडाबाईला न सांगता कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नबाबला टांग्याला जुंपलं आणि छावणी ते गुलमंडी पहिली खेप मारली. कापडदुकानदार गज हातात धरून दाराशी येऊन बघत राहिले.

नबाब हा तिचा घोडा. पांढराशुभ्र, लांब आयाळीचा, जरा आढ्यताखोर. एरवी टांगा ओढायचा आणि लग्नसराईत त्याला फार मागणी. आमच्या भागात लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. अशा कित्येक नवरदेवांना नबाबनं पाठीवर घेतलं, आणि दोघांत जास्त रुबाबदार बहुतेक वेळा नबाबच दिसला. तर गोष्ट सरळ होती. नबाब आहे तोवर आवडाबाई आपल्या घरची मालकीण. नबाब गेला की दिराच्या दारात. हे तिला ठाऊक होतं, दिराला ठाऊक होतं आणि टांगाअड्ड्यावरच्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

आता या गोष्टीतला शहाणा. मी, मुकुंद. वडील कोर्टात कारकून. त्यांना मुलगा डॉक्टर हवा होता. झाला, पण पेशंट चार पायांचे निघाले, म्हणून ते पाहुण्यांना नुसतं "डॉक्टर आहे" एवढंच सांगून घाईनं विषय बदलायचे. ऐंशीच्या सुमारास मी परभणीहून शिकून आलो आणि छावणीजवळच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालो. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय, ते त्या वर्षी मला बघून कुणालाही समजलं असतं. स्टेथोस्कोप मी घरून निघतानाच गळ्यात घालायचो.

त्याच वर्षी आमच्याकडं एक नवं इंजेक्शन आलं, झायलाझीन. आधी घोड्याला लघवीची नळी घालायची म्हटली की सहा माणसं, चार दोर आणि एखाद्याचा मोडलेला दात एवढी तयारी लागायची. आता शिरेत एक सुई. तीन मिनिटांत घोडा मान खाली टाकणार, ओठ लोंबणार, अंगातले स्नायू सैल पडणार आणि दुखणं गप्प होणार. मला तर ते इंजेक्शन मीच शोधून काढल्यासारखं वाटायचं. आमचे कंपाउंडर वैजनाथ म्हणायचे, "साहेब, ही सुई घोड्याला कमी अन् तुम्हाला जास्त चढती."

वैशाखातल्या एका सकाळी दहाच्या सुमाराला दवाखान्याच्या फाटकातून घोडा आत आला आणि त्याच्या मागं अख्खा टांगाअड्डा. पुढं पुंजाराम, अड्ड्याचे म्होरके, मिशा गालापर्यंत. घोडा नबाब होता. पुढच्या पायानं माती उकरत होता, मान वळवून कुशीकडं बघत होता, आणि मधूनच मागचे पाय ताणून, पाठ खाली घालून उभा राहत होता.

"मूत कोंडलंय साहेब," पुंजाराम म्हणाले. "मेंढरांच्या वाड्यात तासभर उभा केला, तरी थेंब नाय."

मेंढरांच्या वाड्याचं सांगायला हवं. आमच्या टांगेवाल्यांचा पक्का समज की घोड्याची लघवी अडली तर त्याला मेंढरं बसतात त्या वाड्यात न्यायचं. लेंड्यांच्या वासानं तो मोकळा होतो. आणि घोडा पाठ ताणून उभा राहिला म्हणजे लघवीच अडली, हा त्याहून पक्का समज. खरं म्हणजे पोटात कळ आली की घोडा अगदी तसाच उभा राहतो. पण अड्ड्यावर सगळ्या पोटदुख्यांना एकच नाव होतं, मूत कोंडलं. आतडं अडलेले किती घोडे त्या मेंढरांत उभे राहून मेले असतील, देव जाणे.

"सकाळी मुतला की वो," लगाम धरलेली बाई म्हणाली. "म्या सोता शीळ घातली, सोता बगितलं. गढूळ, पिवळं, रोजच्यावानी. पर कालपासून लीद नाय. काल दौलताबादला परण्याला दिसभर उन्हात हुबा व्हता, म्या संगं नव्हते, कुनी पानी पाजलं नाय, अन् घरी येऊन नुसता वाळला कडबा…"

"तू थांब गं आवडे," पुंजारामांनी हात आडवा केला. "साहेब, तिचं नका मनावर घेऊ. घाबरलीया."

आता इथं मी काय केलं? घोडा जिचा, ती बोलत होती. मी पुंजारामांकडं वळलो आणि पुढचे सगळे प्रश्न त्यांना विचारले. मिशांना जास्त कळतं असं मला तेव्हा वाटत होतं. शिवाय "लघवी अडली" म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं नळी आली, नळी म्हटल्यावर सुई आली, आणि बघायला पंधरा माणसं उभी होती.

सुई दिली. नबाबची मान खाली आली. तो उकरायचा थांबला, डोळे अर्धे मिटले. आणि मग या औषधानं नर घोड्यात हमखास होतं तेही झालं. जो स्नायू एरवी लिंग आत ओढून धरतो तो सैल पडला, आणि नबाबचं ते सगळं वैभव गुडघ्यापर्यंत लोंबायला लागलं. अड्ड्याला हसू आवरेना. कुणी म्हणालं, "नबाब खरा!" कुणी तोंड फिरवून खोकलं.

"दात काय काढता?" आवडाबाई त्यांच्यावर कडाडली. "माश्या बसतेत त्याला. पानी आना." तिनं बरोबर आणलेलं मऊ जुनं लुगडं फाडून त्याची झोळी केली, ओली केली आणि पोटाशी आधार बांधला. नंतर मी पुस्तकात बघितलं, सैल पडलेल्या भागाला सूज येऊ नये म्हणून नेमकं हेच करायला सांगितलं होतं. मी ते केलं नव्हतं. माझं लक्ष प्रेक्षकांकडं होतं.

मी नळी घातली. स्नायू सैल असल्यानं ती लोण्यात सुरी जावी तशी गेली. कुठं खडा नाही, कुठं गाठ नाही, कुठं अडली नाही. थोडीशी गढूळ, पिवळी लघवी आली आणि थांबली. ज्याला अक्कल असते त्यानं इथंच थांबून विचार करावा, की वाट जर मोकळी आहे, मूत्राशय जर रिकामं आहे, तर कोंडलंय काय? पण घोडा शांत झाला होता. मी हात धुतले आणि चेहरा गंभीर करून म्हणालो, "बघू या अर्धा तास."

अर्ध्या तासानं नबाबनं पाय ताणले आणि जी धार सोडली ती काही संपेचना. बादली भरेल एवढं. मातीत ओहोळ झाला. अड्ड्यानं एकच गिल्ला केला. कुणीतरी ओरडलं, "क्या बात है डॉक्टरसाब!" पुंजारामांनी माणूस पाठवून नारळ आणि पेढे मागवले. मला त्या पंधरा जणांनी मिळून हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि खरं सांगतो, मी स्वतःही वर चढायला पुष्कळ मदत केली. एक पेढा तोंडात टाकून मी स्कूटरची किल्ली काढली. जेवायची वेळ झाली होती.

आवडाबाई मात्र वाकून बसली होती. त्या ओहोळातलं ओंजळभर तिनं हातात घेतलं, उजेडात धरलं, हुंगलं. मग उठून स्कूटरच्या पुढ्यात उभी राहिली.

"साहेब, हे नबाबचं नाय."

"म्हणजे?"

"घोड्याचं मूत गढूळ असतंय. हाताला बुळबुळीत लागतंय, वास नाकात जातोय. हे निव्वळ पानी हाय. रंग नाय, वास नाय. हे तुमच्या सुईचं मूत हाय. त्याचं दुखनं हाय तितंच हाय."

"बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

"डाक्टर तुमीच. पर घोडा माजा हाय." ती बाजूला झाली नाही. "त्याच्या कुशीला कान लावा. आतलं जातं बंद हाय. सुई उतरूस्तोर थांबा. उतरल्यावर बी तो असाच हुबा राहिला, तर म्या समद्यांम्होरं तुमचे पाय धरते."

पुंजाराम तिला ओढायला पुढं आले. वैजनाथांनी त्यांना नुसत्या नजरेनं थांबवलं आणि मला हळूच म्हणाले, "साहेब, जेवण कुठं जात नाही."

दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. नबाबनं मान उचलली, एक पाय आपटला, कुशीकडं बघितलं, आणि गुडघे मोडून धाडकन खाली बसला. लोळायला लागला. त्याच्या अंगावर घामाचे थेंब उभे राहिले. पेढे खाणारी तोंडं थांबली.

"अजून एक सुई मारा साहेब!" पुंजाराम ओरडले. आणि माझा हात खरोखरच बाटलीकडं गेला. आवडाबाईनं मनगट धरलं. तिचा हात चांगलाच दणकट होता.

"नको. सुईनं दुखनं झोपतंय, पर त्याच्यासंगं आतडं बी झोपतंय. ते आदीच मंद व्हतं, सुईनंतर कान लावला तर पार बंद. परत दिली तर उटायचं नाय."

हे सगळं माझ्या पुस्तकात होतं. हे औषध शरीराला जास्तीचं, पातळ पाणी बाहेर टाकायला लावतं, मूत्रमार्गाच्या स्नायूंची पकड ढिली करतं, आणि त्याच वेळी आतड्याची हालचाल मंद करतं. त्या ओळींखाली मी लाल पेन्सिलनं रेघासुद्धा मारल्या होत्या. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. आणि पुस्तकाची पानं न उलटता एका बाईनं ते ओंजळीत धरून वाचलं होतं. मला इतकी लाज वाटली की कान तापले.

गळ्यातला स्टेथोस्कोप मी त्या दिवशी पहिल्यांदा कानात घातला. निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुडगुड चाललेली असते. नबाबच्या पोटात काही म्हणजे काहीच नव्हतं. मग सदरा काढला, तेल लावलं आणि मागून हात घातला. खांद्यापर्यंत गेल्यावर बोटांना ते लागलं, मळलेल्या कणकेसारखा गच्च गोळा, दाबला की खड्डा राहणारा. वाळला कडबा, ऊन आणि कालचं न पाजलेलं पाणी, सगळं एका जागी घट्ट बसलेलं.

"आहे," मी म्हणालो. "तुम्ही म्हणता तेच आहे, आवडाबाई." तोवर मी तिला नावानं हाक मारली नव्हती.

मग खरं काम सुरू झालं, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून अड्डा हळूहळू पांगला. नाकातून नळी घालून पोटात पॅराफिन तेल सोडलं, मागून मिठाचं कोमट पाणी, थोड्या वेळानं पुन्हा. वैजनाथ पाणी तापवत होते. मधल्या वेळात घोड्याला सावकाश फिरवायचं, लोळू द्यायचं नाही. आवारातल्या लिंबाखाली आवडाबाई त्याला फिरवत राहिली. मी म्हटलं, मी धरतो थोडा वेळ, तर म्हणाली, "तुमी हुशार मानूस, तुमाला त्यो फसवंल." दोनच्या सुमाराला झोळीतलं सगळं आपोआप आत गेलं. तेवढं तरी माझ्या औषधानं पुस्तकात लिहिल्याप्रमाणं केलं.

तीन वाजता सायकल दामटत दीर सांडू हजर. दौलताबादला बातमी कशी पोचली कोण जाणे, पण वाईट बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. घाम पुसत तो म्हणाला, "वहिनी, आता तरी ऐका. हे जनावर काय उद्याचा दिस बगत नाय. बोचकं बांधा, संध्याकाळच्या गाडीनं निगू."

आवडाबाई चालायची थांबली नाही. "घोडा अजून हुबा हाय भावजी," ती म्हणाली. "तुमी बसा."

तो बसला, आणि खरंच वाट बघत बसला. मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. सकाळी दहा वाजता मी तिचं एक वाक्य ऐकलं असतं तर हे तेल तेव्हाच पोटात गेलं असतं. माझ्या सुईनं आणि माझ्या पेढ्यानं दोन तास खाल्ले होते. घोडा गेला असता तर तिला दिराच्या दारात मी नेऊन बसवलं असतं, आजारानं नव्हे. तिनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी शेवटचं तेल दिलं. आवडाबाई आणि वैजनाथ दवाखान्यातच थांबले, मी घरी गेलो, आणि जेवलो नाही हे आईनं तीनदा विचारून ताडलं.

सकाळी साडेसहाला फाटकातून शिरलो. सांडू निघून गेला होता. वैजनाथ ओट्यावर चहा ओतत होते. लिंबाखाली नबाब बादलीत तोंड घालून पाणी ओढत होता, आणि त्याच्या मागं, मातीवर, लीद होती. आधी चारदोन कठीण, काळपट, तेलानं माखलेल्या गाठी आणि मग चांगली ढीगभर मऊ. आवडाबाई तिच्याशेजारी उकिडवी बसून हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. "बगा," एवढंच म्हणाली. मी बघितलं आणि मलाही रडू आलं. लिदेच्या ढिगाकडं बघून रडणारी माणसं तुम्हाला आमच्याच धंद्यात भेटतील.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण अड्डा तो अड्डा. उचलली जीभ लावली टाळ्याला. अड्ड्यानं सकाळची धार बघितली होती, दुपारचं तेल बघितलंच नव्हतं. महिन्याभरात सगळीकडं झालं, की छावणीच्या मुकुंद डॉक्टरकडं एक सुई आहे, अर्ध्या तासात कोंडलेलं मूत सोडवते. दौलताबादहून, खुलताबादहून, पार फुलंब्रीहून घोडे यायला लागले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "साहेब, ती सुई." मी आधी कान लावायचो, हात घालायचो, दहातल्या नऊ घोड्यांचं पोट अडलेलं असायचं, तेल पाजायचो. बरे व्हायचे. नाव सुईचं व्हायचं. पुंजारामांना मी तीन वेळा समजावलं. ते म्हणायचे, "साहेब लई साधा मानूस. मोठेपना घेत नाय."

शेवटी वैतागून मी आवडाबाईच्या दारी गेलो. ती नबाबला खरारा करत होती. म्हटलं, "उद्या अड्ड्यावर येतो आणि सगळ्यांदेखत सांगतो. नबाबला मी वाचवलं नाही, तुम्ही वाचवलं. मी तर त्याला मारायला निघालो होतो."

"नका सांगू," ती म्हणाली.

"का?"

"तुमच्या सुईपायी लोक आता सकाळीच घोडा दवाखान्यात आनतेत. मेंढरांच्या वाड्यात दिस घालवत नायत. किती जितराबं वाचली, तुमीच बगा." ती खराऱ्यातले केस झटकत होती. "आवडीनं वाचवला म्हनून सांगाल, तर कोन आनल? बाईच्या सांगन्यावरून कोन घोडा आनतंय? तुमी तरी कुटं ऐकलं व्हतं?"

ती हे रागानं म्हणाली नाही, सहज म्हणाली, आणि घोड्याच्या दुसऱ्या कुशीला गेली. तिचं खरं होतं, आणि त्या खऱ्यातलं सगळं नाव माझ्या वाट्याला येत होतं. मी अड्ड्यावर गेलो नाही. आज चाळीस वर्षं झाली, लोक अजून ती सुई माझ्या नावानं सांगतात, आणि मी खाली मान घालून ऐकून घेतो.